आजीच्या बांगड्या आणि चंबळची वाळू

प्रश्न

ताई, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. वय २१, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय प्राणिशास्त्र. नामशेष होत चाललेल्या प्राण्यांसाठी काम करायचं एवढं पक्कं आहे. कसं, ते ठाऊक नाही. जो तो 'फील्डचा अनुभव' मागतो, आणि अनुभव नाही म्हणून फील्डवर कुणी घेत नाही. दोन महिन्यांत दहा संस्थांना मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. आता दक्षिण आफ्रिकेतली एक इंटर्नशिप सापडली आहे. दोन आठवडे सिंहाच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजायचं, त्यांना सांभाळायचं, शेवटी प्रमाणपत्र. विमानासकट खर्च अडीच लाखांच्या घरात. आजी म्हणते, 'माझ्या बांगड्या मोड, पण जा.' बाबा म्हणतात, 'बी.एड. कर. मगरी मोजून कुणाचं पोट भरलंय?' ग्वाल्हेरात बसून या क्षेत्रात काही होईल का?

उत्तर

बांगड्या आजीच्या हातातच राहू देत. बाकीचं सावकाश बोलू.

सिंहाचं पिल्लू बाटलीनं दूध पितंय म्हणजे ते आईपासून तोडलेलं आहे. एखादं पिल्लू खरोखर अनाथ सापडतं, नाही असं नाही. पण दर पंधरवड्याला नवे पाहुणे येणार आणि प्रत्येकाच्या मांडीवर ठेवायला पिल्लू असणार, तर इतकी अनाथ पिल्लं येतात कुठून? येतात ती पैदास केंद्रांतून. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह पुढे रानात सोडता येत नाही. मग थोडा मोठा झाला की तो पर्यटकांबरोबर 'फिरायला' लावतात, आणि पुरता वाढला की त्याची रवानगी बऱ्याचदा कुंपणाच्या आत पैसे मोजून होणाऱ्या शिकारीकडे किंवा हाडांच्या व्यापाराकडे होते. तिथल्या सरकारनंच नेमलेल्या समितीनं २०२१ मध्ये हा बंदिस्त सिंहांचा धंदा थांबवावा अशी शिफारस केली. सगळीच केंद्रं एका माळेचे मणी नसतील. तरी माझा एक साधा नियम आहे, तो तू घे : जिथे पैसे भरून पिल्लाला हात लावायला मिळतो, तिथून चालू पडायचं.

खऱ्या कामात सगळी धडपड उलट्या दिशेची असते. माणूस जनावरापासून लांब कसा राहील हे बघावं लागतं. मी तीन हिवाळे चंबळवर काढले. त्यात सुसरीला हात लागला तो एकदाच, तेही पाच जणांनी धरलेलं जनावर मोजायला, आणि माझ्या वाट्याला शेपटी आली होती. बाकीचे दिवस दुर्बीण, वही आणि वाळू.

आता ग्वाल्हेरचं. 'ग्वाल्हेरात बसून काय होणार' हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा करून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणू? देहरादूनहून, बंगळुरूहून, चेन्नईहून पोरं दोन-दोन गाड्या बदलून जिथे इंटर्नशिप करायला येतात, ती जागा तुझ्या घरापासून बसनं तासा-दीड तासावर आहे. आग्र्याला जाताना मुरैना मागे पडल्यावर चंबळचा पूल लागतो ना, ज्यावरून आपण सगळे मान वळवून 'किती स्वच्छ पाणी आहे नाही' म्हणतो आणि पुन्हा डब्यातल्या पुऱ्यांकडे वळतो, तोच. त्या पुलाखालचं पाणी म्हणजे राष्ट्रीय चंबळ अभयारण्य. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून चारशे किलोमीटरहून जास्त लांबीची नदी. जगात उरलेल्या बहुतेक सुसरी इथे आहेत. अलीकडच्या गणनांत आकडा दोन हजारांच्या वर गेलाय, आणि तरीही त्यांच्या जातीवरचा शिक्का 'अतिसंकटग्रस्त' हाच आहे, कारण इथे काही बिनसलं तर त्यांना दुसरीकडे फारसं घर नाही.

याच पाण्यात एक कासव आहे, लाल डोक्याचं. स्थानिक लोक त्याला साल म्हणतात. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्या-मानेवर लाल, निळा, पिवळा असे रंग चढतात, कुणी रंगपंचमी खेळून पाण्यात उतरल्यासारखे. एके काळी गंगेच्या खोऱ्यात ते भरपूर होतं. आज त्याचा शेवटचा मोठा आसरा म्हणजे चंबळ. शिवाय पाणचिरा, खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असलेला तो पक्षी, वाळूच्या बेटांवर घरटं करतो. घरटं म्हणजे काय, वाळूत एक खळगा. बेटाभोवतीचं पाणी आटून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आणि कोल्हे चालत येतात आणि एका रात्रीत सगळा विषय संपतो. म्हणून तिथे गावातल्याच लोकांना घरटी राखायला नेमण्याचे प्रयोग झाले आहेत. डॉल्फिनही आहेत. (सांभाळ हं : आपण मराठीत सुसर म्हणतो ती घडियाल. नावाडी 'सूंस' म्हणाला तर तो डॉल्फिनबद्दल बोलतोय. मी पहिल्या आठवड्यात दोन्ही एकच समजून वहीत भलतंच लिहून ठेवलं होतं.)

दुसऱ्या बाजूला, शिवपुरीच्या रस्त्यावर घाटीगाव. हे अभयारण्य सोनचिरैयासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी, १९८१ मध्ये राखलं गेलं. आज पाटी आहे, पक्षी नाही. तिथे एकदा जाऊन नुसती उभी राहून ये. या कामात हरायचंही असतं, आणि ते कसं दिसतं हे या माळावर दिसतं. आणखी पुढे कुनो. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून ८ चित्ते आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून १२. त्याचं सगळ्या वाहिन्यांवर झालेलं कौतुक तू पाहिलंच असशील. ते रान मुळात चित्त्यांसाठी मोकळं केलंच नव्हतं. गीरचे सिंह येणार म्हणून २४ गावं उठवली. सिंह इथे आणावेत असा निकालही सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये दिला. सिंह काही आले नाहीत. गावं मात्र गेली. संवर्धनाचं काम करायचं म्हणणाऱ्या प्रत्येकानं त्या उठलेल्या गावांतल्या एखाद्या म्हाताऱ्यासमोर तासभर बसावं असं मला वाटतं. चित्ता दिसला नाही तरी चालेल.

बाबांच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पोटाचा शेवटी घेते. आधी मोजण्याचा.

चंबळवर दर हिवाळ्यात गणना होते. हिवाळ्यातच का? सुसर थंड रक्ताची. थंडीत दिवस वर आला की ती वाळूवर येऊन ऊन खात पडते, म्हणून दिसते. नदीही उतरलेली असते. नाव संथ चालवायची, एकानं डावा काठ बघायचा, एकानं उजवा, तिसऱ्यानं लिहायचं. दिसलेल्या प्रत्येक जनावराची लांबी नजरेनं ठरवून गटात टाकायची : पिल्लू, अर्धवट वाढलेलं, पूर्ण वाढलेलं, आणि नाकाच्या टोकावर घडा आलेला नर. त्या घड्यावरून तर घडियाल नाव पडलं. दुपारपर्यंत डोळे चुरचुरतात, पाठ लाकूड होते, आणि लाकूड सुसरीसारखं दिसायला लागतं. माझ्या चौथ्या दिवशी मी ऐटीत 'पूर्ण वाढलेली, एक' असं सांगितलं. नावाडी वल्हं न थांबवता म्हणाला, "बिटिया, वो तो बबूल है."

त्याच मोसमात मी माझी वही पाण्यात पाडली. बॉलपेननं लिहिलेली. नऊ दिवसांच्या नोंदी निळं पाणी होऊन वाहून गेल्या, आणि आमच्या प्रमुख बाईंनी एक शब्दही न बोलता माझ्यासमोर दोन आण्यांची शिसपेन्सिल ठेवली. आजही माझ्या पर्समध्ये पेन्सिलच असते. शिसं ओलं झालं तरी पसरत नाही.

मोजून काय होतं ते २००७-०८ च्या हिवाळ्यात दिसलं. डिसेंबरपासून काही महिन्यांत चंबळच्या खालच्या भागात शंभराहून जास्त सुसरी मेल्या, त्याही बहुतेक वाढलेल्या. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे थर. कुठलं तरी विष माशांतून पोटात गेलं असावं असा संशय होता. उगम शेवटपर्यंत पक्का हाती लागला नाही. हे सगळं कळलं कारण नदीवर आधी किती होत्या याचे आकडे होते. आकडे नसते तर 'यंदा कमी दिसतात बुवा' म्हणून लोक घरी गेले असते. त्यानंतर तिथे सुसरींना रेडिओ-टॅग लावून दीर्घकाळ मागोवा घेण्याचं काम उभं राहिलं, मद्रास क्रोकोडाइल बँक ट्रस्टच्या वतीनं. मोजणाऱ्यांचं पोट भरलं की नाही ते बघू, पण मोजणारे नसते तर नदी रिकामी होताना कुणाला कळलं नसतं. बाबांना हे सांग.

आता तुझे मेल. तू एक नमुना पत्रासोबत जोडला आहेस म्हणून बोलते, राग मानू नकोस. 'मला लहानपणापासून प्राण्यांची अतिशय आवड आहे' इथून सुरुवात आणि 'मला आपल्या नामवंत संस्थेत संधी द्यावी' इथे शेवट. संस्थेचं नाव बदललं की तोच मेल दहांना गेला. ज्या माणसाला तो जातो त्याच्याकडे असे रोज येतात. त्याला तुझी आवड नको आहे. त्याला मार्चमध्ये वाळूवर दोन हात कमी पडताहेत. तुझे हात ते आहेत का, एवढंच तो शोधतो.

म्हणून आधी एक माणूस निवड, संस्था नव्हे. चंबळवर कासवांचं, पक्ष्यांचं, सुसरींचं काम कोण करतं ते शोध. आपल्याच जिवाजी विद्यापीठातून या नदीवर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. तिथल्या प्राणिशास्त्र विभागाच्या जिन्यानं वर जायला तुला कुठलं विमान लागतं? मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३ पासून आहे, देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान १९८२ पासून. त्या माणसाचा एक शोधनिबंध वाच, पूर्ण. कळला नाही तर पुन्हा वाच. मग दहा ओळी लिही. साधारण अशा :

'मी ग्वाल्हेरला राहते, मुरैन्याला दीड तासात पोचते. जानेवारीत दोन आठवडे आणि परीक्षा संपल्यावर मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत मोकळी आहे. मराठी, हिंदी येते, मुरैन्याकडची बोली समजते. स्कूटर चालवते, पोहता येतं. तिघरा धरणावर दर रविवारी पक्ष्यांची यादी करते, आजवरच्या १४ याद्यांचा दुवा खाली आहे. तुमच्या निबंधात बेट काठाला जोडलं गेल्यावर घरट्यांचं काय होतं ते वाचलं. त्यावरून एक प्रश्न पडला...' आणि मग तो प्रश्न, खरा पडलेला. खाली एका शिक्षकांचं नाव, जे तुझ्याबद्दल दोन शब्द सांगतील. बारा-पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण. त्यानंतर सोडून दे, दुसरा माणूस.

'पण ताई, माझ्याकडे १४ याद्या नाहीत.' नाहीत ना? मग येत्या रविवारपासून कर. हे काम फुकट आहे आणि उद्या सुरू होतं. तिघरा, नाहीतर कॉलेजच्या मागचं तळं, जे जवळ असेल ते; जागा एकच, वेळ साधारण तीच, दर आठवड्याला. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत जा. एकदाच नऊ जागी गेलेल्या माणसापेक्षा एका जागी चाळीस वेळा गेलेला माणूस मला जास्त पटतो, कारण फील्डवर नेमकं तेच करायचं असतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तीत भाग घे. दुपारी घरी बसून क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शीक, त्याला पैसे पडत नाहीत. नकाशा काढता येणारा इंटर्न कॅम्पवर सोन्यासारखा. संख्याशास्त्राचा पेपर आवडत नाही असं तू लिहिलंयस, तो आवडून घ्यावा लागेल. त्याला पळवाट नाही. आणि कणीक मळता येते का? हसू नकोस. पाच जणांच्या कॅम्पवर जिला स्वयंपाक येतो तिला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतात. मुलगे असले तर त्यांनाही मी हेच सांगते.

परवानगीचं लक्षात ठेव. अभयारण्यात संशोधन करायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राज्याच्या मुख्य वन्यजीव प्रतिपालकांची परवानगी लागते, आणि ती यायला महिने जातात. म्हणून ऐनवेळी 'उद्या येऊ का' म्हणणाऱ्याला कुणी घेऊ शकत नाही. उलट, जो प्रकल्प 'परवानगी वगैरे बघू नंतर' म्हणतो तिथे जाऊ नकोस. नाव खराब व्हायला एक फोटो पुरतो. हिवाळी गणनेत वनखात्याबरोबर बाहेरचे अभ्यासकही असतात. विद्यार्थ्यांना नावेत जागा मिळेलच असं नाही, पण मुरैन्याच्या वनमंडळ कार्यालयात डिसेंबरमध्ये स्वतः जाऊन अर्ज देणारी मुलगी मेलपेक्षा जास्त लक्षात राहते.

तुझ्या परीक्षेचा आणि नदीचा मेळ मी घालून पाहिला. सुसर मार्चअखेर-एप्रिलमध्ये वाळूत अंडी घालते, तेव्हा तू अभ्यासात असणार, असू दे. पिल्लं मेअखेर-जूनमध्ये निघतात, तेव्हा तू मोकळी. कासवांची अंडीही काठावरच्या कुंपणाच्या हॅचरीत आणून ठेवलेली असतात, कोल्ह्यांपासून आणि पुरापासून वाचवायला. त्या दिवसांत माणसं हवी असतात : पहाटे तापमान लिहायला, निघालेली पिल्लं मोजायला, कॅलिपरनं मापं घ्यायला, रात्री पहारा द्यायला. ४५ अंशांच्या वर ऊन असतं. सुसरीचं पिल्लू अंड्याच्या आतून आवाज देतं, तो ऐकून आई वाळू उकरते. हा आवाज मी ऐकलाय. त्याचं वर्णन करत बसत नाही, तू ऐक. नंतर पहिल्याच पावसाळ्याच्या पुरात त्यातली बहुतेक पिल्लं वाहून जातात, हेही त्याच वहीत लिहायचं असतं.

बोलावणं आलं की लगेच हो म्हणू नकोस. फोन करून विचार : राहायची सोय कुठे, जेवण कुणाकडे, प्रवासखर्च कोण देतं, स्टायपेंड किती. एक-दोन महिने राहणं-खाणं मिळून बिनपैशाचं काम करायला माझी हरकत नाही, शिकायला मिळत असेल तर. त्यापुढे फुकट राबवणं म्हणजे शोषण, मग कारण कितीही थोर असो. आमच्या क्षेत्राची ही जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळेच बापाच्या पैशावर जगता येणारी पोरं टिकतात आणि बाकीची बी.एड. करतात. मी स्वतः एका संस्थेत सहा महिने राबले. निबंध छापून आला, त्यात माझं नाव आभारातही नव्हतं. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच विचारायला शिकले की नोंदी कुणाच्या, नाव कुठे येणार, शेवटी काय लेखी मिळणार. विचारताना लाज वाटते. वाटू दे.

मुलगी म्हणून आणखी चार प्रश्न आहेत, ते आईसमोर बसून विचार म्हणजे तिलाही उत्तरं ऐकू येतील. कॅम्पवर दुसरी बाई कोण? संडासाची सोय काय? मोबाइलला रेंज कुठे मिळते आणि रात्री गाडी असते का? तक्रार करायची तर समिती कुठली? २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकही येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. उत्तर देताना समोरचा चिडला तर तेच उत्तर समज. साप चावला तर सगळ्यात जवळचं प्रतिविष कुठे मिळतं, हे पोचल्या दिवशी माहीत करून घे. माझ्या आईला चंबळ म्हटलं की बागी, म्हणजे दरोडेखोर, दिसायचे. घोड्यावरून येऊन मला उचलून नेतील असं तिला वाटे. प्रत्यक्षात मला आडवं केलं ते आवेनं. पाणी उकळून पी. आणि वाळूच्या ट्रॅक्टरांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांचे फोटो नाहीत, हटकणं नाही, हिरोगिरी नाही. २०१२ मध्ये मुरैन्यात दगडाची ट्रॉली अडवणारा एक तरुण पोलीस अधिकारी चिरडला गेला. ते काम पोलिसांचं आणि वनखात्याचं. इंटर्ननं दिसलं ते आपल्या प्रमुखाला सांगायचं आणि गप्प राहायचं.

नावाड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. नदीवर ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याच्याकडे पदवी नसते. तुला मात्र एक गोष्ट फुकट मिळालीये, जी पुण्याहून आलेल्या मुलीला सहा महिन्यांत येत नाही : तुला त्याची भाषा कळते. घरी आपण कितीही 'आम्ही शिंद्यांबरोबर आलो' म्हणत असलो तरी महाराज बाड्याच्या बाजारात भाजी घेताना आपण कुणासारखे बोलतो, ठाऊक आहे ना? ते भांडवल आहे. वाळूत कलिंगड-काकडीची वाडी लावणारी बाई कासवाची घरटी कुठे असतात ते तुला सांगेल, बाहेरच्या साहेबाला सांगणार नाही. तिच्याकडे चहा प्यायला बस, वही बंद ठेवून.

आता पोट. खोटं सांगत नाही. कायमच्या जागा थोड्या आहेत. सुरुवातीची बरीच वर्षं एक-दोन वर्षांच्या करारावर जातात, प्रकल्प संपला की पुन्हा शोध. पण वाटा आहेत. देहरादूनला वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. आहे, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेतही. जागा मोजक्या, शिवाय दर वर्षी प्रवेश असेलच असं धरून चालू नकोस, जाहिरातीवर नजर ठेव. अशा ठिकाणी मुलाखतीत तुझ्या चाळीस रविवारांबद्दल विचारतात. प्राणिशास्त्राच्या पदवीवर यूपीएससीची वनसेवेची परीक्षा देता येते. बाबांना 'सरकारी' हा शब्द ऐकून झोप लागेल. नकाशे, आकडेवारी, कायदा, पशुवैद्यक, गावकऱ्यांबरोबरचं काम, शाळांमधलं निसर्गशिक्षण, हे सगळं संवर्धनच आहे आणि यातल्या बऱ्याच जागी माणसं कमी आहेत. त्यामुळे बी.एड.ला नाक मुरडू नकोस. मुरैना-भिंडकडच्या एखाद्या शाळेत सुसर म्हणजे काय ते नीट शिकवणारी बाई मला दहा इंटर्नांइतकी मोलाची वाटते. पण ते बाबांनी ढकललं म्हणून नको, तुला हवं असेल तर.

मी तुझ्या जागी असते तर बाबांशी एक वर्षाचा करार केला असता. पदवी पूर्ण करणार, जून ते ऑगस्ट नदीवर, हिवाळ्यात आणखी एक ठिकाण, मधल्या काळात एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षांचा अभ्यास. वर्ष संपलं की दोघं समोरासमोर बसून हिशेब. बापाला मुदत कळली की निम्मी चिंता उतरते. माझ्या वडिलांना मी दोन वर्षं मागितली होती, त्यांनी दीड दिलं.

आणि त्यांना एका रविवारी देवरीला घेऊन जा. मुरैन्याच्या पुढे, महामार्गालगतच आहे. तिथे नदीकाठची अंडी आणून उबवतात आणि पिल्लं साधारण सव्वा मीटरची झाली की चंबळमध्ये सोडतात; १९७५ पासून देशात मगर-सुसरींसाठी जो प्रकल्प सुरू झाला त्याच धाग्यातलं हे काम. टाक्यांत वितीएवढी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ऊन खात पडलेली असतात. बाबांना काही समजावू नकोस, नुसतं बघू दे. आजीलाही ने, बांगड्यांसकट. येताना मुरैन्यात थांबून गजक घ्या. थंडीतली ताजी, तिळाची.

मेलचा नवा मसुदा पंधरा दिवसांत मला पाठव. दहा ओळींपेक्षा मोठा असेल तर मी कात्री लावीन.